चाळीस टक्क्यांत न दिसणाऱ्या बायका

देशातल्या बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, ही बातमी अलीकडे दर सर्वेक्षणानंतर छापून येते, आणि आकडे खोटे नाहीत. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ साली पंधरा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी २२ कामावर होत्या, २०२३-२४ मध्ये ४०. पुरुषांचं प्रमाण याच काळात ७१ वरून ७६ वर गेलं. सहा वर्षांत एवढी उडी म्हटल्यावर टाळ्या पडणारच. पण कामावर असलेल्या आणि काम शोधणाऱ्या अशा दोघींची बेरीज घेऊन थोडं मागे गेलं, तर २००४-०५ सालीही शंभरात ४२ च्या वर स्त्रिया होत्या. २०११-१२ मध्ये त्या ३१ उरल्या, २०१७-१८ मध्ये २३, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा ४१.७. वीस वर्षांत अर्थव्यवस्था कुठल्या कुठे गेली, बायकांचा आकडा मात्र फिरून होता तिथेच आला. शिवाय ही चढण मुख्यतः खेड्यांतली आहे. तिथे तो २४.६ वरून ४७.६ झाला, शहरांत २०.४ वरून जेमतेम २८. म्हणून वसईजवळच्या उमेळ्यासारख्या गावाने चाळिसाच्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही. त्याने पाहायचा तो शहराचा आकडा, आणि त्यातही पंचविशी-पस्तिशीतल्या बायकांचा.

उमेळं हे नायगाव आणि वसई रोड या दोन स्टेशनांच्या मधलं, वाड्या आणि मिठागरांच्या पट्ट्यातलं गाव. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली आणि हा सगळा पट्टा शहराच्या हिशेबात ओढला गेला. वसईच्या या भागात बाईने काम करायचं की नाही हा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नाही. भाजी, फुलं, केळी लावायची, पहाटे जुड्या बांधायच्या, टोपल्या घेऊन मुंबईचा बाजार गाठायचा, हे बायकांचंच काम होतं. सर्वेक्षणाचा माणूस दारात आला की प्रत्येकीसमोर एक सांकेतिक क्रमांक लिहितो. भाजी विकणारी सासू ११, म्हणजे स्वतःचा धंदा करणारी. जुड्या बांधून देणारी, पण हातात पैसा न येणारी सून २१, म्हणजे घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. वर्षात तीस दिवस असं काम केलं तरी ती कामकरी धरली जाते. आणि बी.कॉम. होऊन, चार वर्षं नोकरी करून बाळंतपणानंतर घरी बसलेली नात ९२: फक्त घरकाम. वाडीची जागा इमारतीने घेतली की पहिले दोन क्रमांक गळतात आणि तिसरा वाढतो. उलट खेड्यातली जी वाढ आपण साजरी करतो ती बरीचशी पहिल्या दोन क्रमांकांची आहे. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारवाल्या २०१७-१८ मध्ये ५२ टक्के होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ६७ टक्के झाल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बिनपगारी मदतनीस होत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षणाचा. मुली शिकतात म्हणून कामावर दिसत नाहीत, यात वाईट काय? काहीच नाही, पण हे उत्तर वीस-बावीस वर्षांपर्यंतच पुरतं. कॉलेज संपल्यावर मुलगा कामाला लागतो आणि तिशी-चाळिशीतले जवळपास सगळे पुरुष कामावर दिसतात; शहरी स्त्रियांचं प्रमाण कुठल्याही वयात निम्म्यापर्यंतही पोचत नाही. दुसरा आक्षेप, नवऱ्याचा पगार पुरतो म्हणून त्या स्वखुशीने घरी राहतात. २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींतून दाखवलं की शेती मागे पडताना विवाहित बायकांचं काम आधी घटतं आणि कचेऱ्या-सेवांची कामं वाढल्यावर पुन्हा चढतं. आपण त्या खोलगट भागात आहोत असं म्हणता येईल. पण दुसरी चढण आपोआप येत नाही. आणि स्वखुशीचं म्हणाल, तर २०२३-२४ मध्ये शहरांतल्या १५ ते २९ वयोगटात बेकारीचा दर मुलांचा १२.८ टक्के आणि मुलींचा २०.१ टक्के होता. बेकार त्यालाच म्हणतात जो काम मागतो. मुलांनाच नोकऱ्या नाहीत तर मुलींचं कुठे घेऊन बसलात, असंही कुणी म्हणेल. नोकऱ्यांची संख्या ठरलेली असती तर हा युक्तिवाद चालला असता. पण दोघं कमावणारं घर डबा, शिकवणी, पाळणाघर, शिलाई यांवर पैसे टाकतं आणि त्यातून इतरांना काम मिळतं.

खरा अडसर वेळेचा आहे. वसई रोड ते चर्चगेट बावन्न किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन चार तास सहज जातात. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोज पाच तासांहून अधिक जातात; पुरुषांपैकी साधारण चारात एक घरकामाला हात लावतो, तोही दीड तासाच्या आत मोकळा. आठ तासांची नोकरी, चार तासांचा प्रवास आणि पाच तासांचं घर यांची बेरीज सतरा होते, त्यावर मूल. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू केली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आणली. ती हवीच होती. पण लोकल चढायला जागा देते, तास परत देत नाही.

तास परत मिळतील ते जवळच्या कामातून. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्यात औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. बायकांच्या वाट्याला तिथे बहुधा पॅकिंग येतं, नाहीतर नगावर मजुरीचं काम घरी येतं. कायद्याने संरक्षण द्यावं तर मालक बाईलाच टाळतो, असा इशारा इथे दिला जातो, आणि त्याला मुंबईचाच दाखला आहे: १९२० च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार स्त्री होती, १९२९ चा प्रसूती कायदा, रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची नवी मांडणी यांनंतर ते प्रमाण घसरतच गेलं. इशारा खरा आहे, म्हणूनच खर्च एकट्या मालकावर टाकू नये. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. पंधरा-वीस माणसांच्या गाळ्याला ती लागूच होत नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना महिना दीड हजार रुपये देणारं राज्य वालीवच्या दहा गाळ्यांमागे एक सामाईक पाळणाघर चालवू शकतं. महापालिकेने जागा द्यावी, राज्याने पगार. वेळ मात्र गाळ्याच्या पाळीची हवी, अंगणवाडीची नव्हे.