पाठीवरचा लेप, हातातला पंप

चिंचवड-वाकडच्या तमाम आई-बाबांनो, सीन ओळखीचा आहे? रात्रीचे २ वाजलेत. पिल्लू खोकतंय, छातीत शिट्ट्या वाजतायत. सकाळी बाबाला चाकणची फर्स्ट शिफ्ट, आईला हिंजवडीची कॅब. आजी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करतेय. अशात कुणीतरी सुचवतं, 'चायनीज लेप ट्राय करा ना, साइड इफेक्ट झीरो!'

काय आहे हा लेप? नाव 'सानफू थिए'. चिनी पंचांगात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत कडक उकाड्याचे ३ टप्पे असतात, तेच सानफू. त्या दिवसांत पांढरी मोहरी वगैरेंची पूड आल्याच्या रसात कालवून पाठीवरच्या ठरावीक बिंदूंवर काही तास चिकटवायची. लॉजिक असं की हिवाळ्यातलं दुखणं उन्हाळ्यातच निपटायचं. १६९५ साली झांग लू या वैद्याने हे लिहून ठेवलं. आजही चीनमधल्या हॉस्पिटलांत त्यासाठी मुलांना घेऊन रांगा लागतात. आपल्याकडे मृगाला हैदराबादला मासा गिळायला जातात, तसंच काहीसं!

चिनी उपचार आपल्याला अगदीच परके नाहीत म्हणा. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात आणलं. महाराष्ट्राने तर २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी कायदाच केला.

पण कायदा झाला म्हणजे दमा बरा झाला, असं नाही. लेपावर चीनमध्ये बरेच अभ्यास झालेत, पण बहुतेकांचा दर्जा कच्चा. आणि 'साइड इफेक्ट झीरो'? मोहरीने कोवळ्या त्वचेवर फोड येतात. पारंपरिक मिश्रणातली 'शीशिन' ही वनस्पती ज्या कुळातली आहे, त्यात किडनीला घातक आणि कॅन्सरकारक ॲरिस्टोलोकिक ॲसिड सापडतं. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात काय आहे, कोण बघणार? शिवाय चीनमधल्या उकाड्याच्या दिवसांत आपल्याकडे आषाढ-श्रावण. भिंतीला ओल, ओलीला बुरशी, आणि बुरशी म्हणजे दम्याला आमंत्रण!

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. ती सूज उतरवतो स्टेरॉइडचा इनहेलर. डोस मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट फुप्फुसात. छोट्यांसाठी स्पेसर आणि मास्क. 'पंपाची सवय लागते' हा निव्वळ गैरसमज. उलट मूल बरं दिसतंय म्हणून तो परस्पर बंद केला, की पुढचा अटॅक जोरात येऊ शकतो.

आजीचा शेक चालू दे, त्यात माया आहे. फक्त पुरचुंडी फार गरम नको आणि धुरी तर नकोच. लेपाचा मोह झालाच, तर आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारा. पण बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत? मग डॉक्टरांनी सांगितलेला रिलीव्हर पंप द्या आणि तडक हॉस्पिटल गाठा.

पंचांग नंतर बघू. श्वास आधी!