पाच हजारांच्या आतली चोरी

विहिरीवरची केबल गेली, स्टार्टर गेला, की शेतकरी ठाण्यात जातो आणि एन.सी.चा कागद घेऊन परत येतो. पुढे तपासाला कुणी फिरकत नाही. दर वेळी दोष ठाणे अंमलदाराचाच असतो असे नाही. १ जुलै २०२४ पासून कायदाच बदलला आहे.

जुन्या दंड संहितेत चोरी कितीही रुपयांची असो, ती दखलपात्र होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पोटासाठी हात मारणाऱ्या पोराला तुरुंग न दाखवणे शहाणपणाचेच. पण ऐन उन्हाळ्यात साडेचार हजारांची केबल गेली, तर पाण्याची पाळी चुकते आणि उभे पीक वाळते. कायदा केबल मोजतो, पीक मोजत नाही.

तेव्हा शेतकरी बांधवांनी स्वतःच सावध राहावे. बिले जपून ठेवा, मोटारीचा नंबर वहीत उतरवा. फिर्यादीत गेलेली प्रत्येक वस्तू लिहा. किंमत फुगवू नका, पण घाबरून कमीही सांगू नका. माल पंपघरातून किंवा गोदामातून गेला असेल तर ते स्पष्ट लिहून द्या. माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला कलम ३०५ आहे. तिथे किमतीची अट नाही आणि गुन्हा दखलपात्र आहे. सापडलेला माल परत मिळावा म्हणून कोर्टात लगेच अर्ज करा. जप्त माल ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे.

पोलिसांकडेही एक मागणे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायचा असतो. एकाच शिवारातल्या पाच-सहा एन.सी. त्यात दिसल्या, तर ते भुरट्याचे काम नव्हे, टोळीचे असू शकते. अशा वेळी ठाण्याने आपणहून तपासाचा हुकूम मागावा, सरकारी वकिलांनी तो नेटाने मांडावा. पोलीस पाटलांनी गावातल्या चोऱ्यांची तारीखवार यादी ठेवली, तर हे काम निम्मे सोपे होईल.

चोरी लहान म्हणून सोडली, की चोर मोठा होतो.