गोधडी अर्धी का राहते?

मुले हाताशी आली, घरात सून आली की आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया जुना छंद पुन्हा हाती घेतात. कोणी पेटी शिकते, कोणी कवितेची वही काढते, बऱ्याच जणी गोधडी शिवायला बसतात. दोन-तीन महिने उत्साह असतो. मग हात थांबतो. कोणता तुकडा कुठे लावावा हेच सुचत नाही. घरचे म्हणतात, "या वयात कशाला हे नाद?" आणि त्या बाईलाही ते पटते. आमचे म्हणणे आहे, ते पटवून घेऊ नका. सुचेनासे झाले तर आधी तब्येत तपासा.

पहिले डोळे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागते, धावदोरा वाकडा जातो, अर्ध्या तासात डोके दुखते. आपण म्हणतो, मन लागत नाही. अशा वेळी जवळच्या चष्म्याने काम पुढे सरकते.

दुसरे रक्त. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की तो रक्तक्षय. सगळ्यांना वाढून उरलेले खाणारीला तो लवकर गाठतो. थायरॉईड मंदावले तरी सुस्ती येते. पाळी जाण्याच्या काळात रात्री घाम येऊन झोप मोडते. थकलेल्या अंगाला नक्षी कुठून सुचणार? सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.

तिसरे मन. फक्त गोधडीचाच कंटाळा आला असेल तर घाबरू नका. पण दोन आठवडे झाले, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे, नातवंडांत, गप्पांत, विहारातल्या कार्यक्रमातही गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर ते नैराश्य असू शकते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत, मराठीतून बोलता येते.

तपासण्या ठीक आल्या, तरीही सुचत नाही? मग आपल्या आया कशा शिवत होत्या ते आठवा. थंडी तोंडावर आली म्हणून त्या शिवत. दुपारी चौघी जणी अंगणात बसत, एकीच्या लुगड्याचा काठ दुसरीच्या गोधडीत जाई. गरज आणि सोबत, दोन्ही होते. आज ब्लँकेट बाजारात मिळते आणि आपण दहा बाय बाराच्या खोलीत एकट्या बसतो. म्हणून मोठी गोधडी बाजूला ठेवा. शेजारी बाळ येणार असेल तर त्याच्यासाठी छोटे दुपटे घ्या. ते आठवड्यात पुरे होते, आणि पुरे झालेले काम पुढच्या कामाची ओढ लावते. दोघी-तिघी मिळून बसा.

घरच्यांनाही सांगणे आहे. रोज अर्धा तास तिला चहा मागू नका. बाबासाहेबांनी एवढा कामाचा डोंगर असताना उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, त्याचे आपल्याला कौतुक वाटते. मग आपल्या आईच्या सुईदोऱ्याला रिकामपणाचे उद्योग का म्हणायचे?

जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या बाईने स्वतःच्या आवडीचे काही करणे ही चैन नव्हे. तिच्या तब्येतीला ते औषधाइतकेच लागते. या आठवड्यात तिचे डोळे आणि रक्त तपासून आणा.