गाजराचं गाव कळलं, पुढे?

गेल्या सप्टेंबरात एका परिषदेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जाणं झालं. परिषद आटोपल्यावर आम्ही चार सहकारी गाडी काढून उत्तरेला सोनोमा काउंटीत गेलो आणि तिथल्या एका नावाजलेल्या 'फार्म-टू-टेबल' रेस्टॉरंटात जेवलो. माणशी पावणेतीनशे डॉलर, वाईन वेगळी. जेवण उत्तम होतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" असं वाटायला नको.

मेनू म्हणजे छोटी पुस्तिकाच होती. टोमॅटोच्या प्रत्येक जातीचं नाव होतं. गाजर कुठल्या शेतातलं, शेळीचं दूध कुणाच्या गोठ्यातलं, अंडी देणारी कोंबडी कुठल्या वाणाची, सगळं छापलेलं. वाढणारा तरुण मातीबद्दल पाच मिनिटं बोलला. माझं सगळं संशोधन मातीतल्या जिवाणूंवर आहे, त्यामुळे कान टवकारून ऐकलं. त्याचं बहुतेक बरोबर होतं. (एक-दोन दावे आमच्या जर्नलांत छापून यायला वीस वर्षं तरी लागतील, पण ते असो.)

मी त्याला विचारलं, "ही गाजरं उपटली कुणी?"

"आमचे शेफ रोज सकाळी स्वतः शेतावर जातात."

"शेफ जातात ते चांगलंच आहे. पण उपटतं कोण?"

तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "आमचे फार्म पार्टनर्स."

मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की बिलावर वीस टक्के सेवाशुल्क लागेल आणि त्यातून स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांनाही रास्त वेतन दिलं जाईल. भांडी घासणाऱ्याचा विचार मेनूवर यावा ही साधी गोष्ट नाही. पण रास्त वेतनाचा हा विचार स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत येऊन थांबतो. त्या दाराबाहेर ज्या ट्रकमधून भाजी उतरते, तिथून पुढे फक्त निसर्ग असतो, ऋतू असतात आणि शेताच्या मालकाचं नाव असतं.

घरी आल्यावर मी मेनूवर नाव असलेल्या एका शेताला ई-मेल केली. उत्तर आलं, आणि सभ्य भाषेत आलं. कायमची माणसं पाच. हंगामात लागतात ती कंत्राटदाराकडून येतात, त्यांच्या नोंदी कंत्राटदाराकडे असतात. म्हणजे आपल्याकडच्या मुकादमाचाच भाऊ. कोंबडीचं वाण पाठ असलेल्या शेताला आपल्या जमिनीवर राबलेल्या माणसांची नावं दुसऱ्याकडून मागवावी लागतात.

ही चळवळच थोतांड आहे असं मला म्हणायचं नाही. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली बर्कलीत 'शे पनीस' सुरू केलं तेव्हा अमेरिकन सुपरमार्केटातला टोमॅटो लाल रंग दिलेल्या पुठ्ठ्यासारखा लागत असे. आपल्यातली जी मंडळी सत्तरच्या दशकात इथे आली त्यांना विचारा. लहान शेतकऱ्याला थेट गिऱ्हाईक मिळालं, वाणं टिकली, आणि १९९५ पासून बर्कलीतल्या एका सरकारी शाळेच्या आवारात मुलं भाजी पिकवून रांधायला शिकू लागली. हे सगळं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण या चळवळीचे दावे तपासून घ्यायला हवेत. 'जवळचं ते पर्यावरणाला चांगलं' हा पहिला. कार्नेगी मेलनच्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ साली अमेरिकन अन्नाचा हिशोब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह-वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के, आणि त्यातला उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या अखेरच्या प्रवासाचा फक्त ४. बाकी बहुतेक सगळं शेतातच घडतं. तेव्हा तीस मैलांवरचं बीफ खाऊन पृथ्वी वाचवल्याचं समाधान मानू नये. दुसरा दावा खरेपणाचा. 'टँपा बे टाइम्स'ने २०१६ साली आपल्या भागातल्या रेस्टॉरंटांच्या मेनूंचा माग काढला, तेव्हा ज्या शेतांची नावं छापली होती त्यांतल्या काहींनी आपण यांना माल देतच नसल्याचं सांगितलं. म्हणजे जी नावं छापतात तीही कधीकधी सजावटीपुरती.

आता जी नावं छापतच नाहीत त्यांच्याकडे येते. हा विसर कायद्यात मुरलेला आहे. १९३५ च्या कायद्याने अमेरिकन कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला आणि १९३८ च्या कायद्याने किमान वेतन व ओव्हरटाइम. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतल्या शेतांवर आणि घरांत तेव्हा प्रामुख्याने कृष्णवर्णीय माणसं राबत होती, आणि दक्षिणेतल्या खासदारांची मतं हवी असतील तर ही माणसं बाहेर ठेवणं भाग होतं, असं अनेक इतिहासकार मानतात. मोठ्या शेतांवर किमान वेतन लागू व्हायला १९६६ उजाडलं. ओव्हरटाइम केंद्रीय कायद्याने आजही नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ साली स्वतःचा कायदा केला, तो २०१९ ते २०२२ असा टप्प्याटप्प्याने मोठ्या शेतांना लागू झाला. त्यानंतर काही मालकांनी सरळ तास कापले आणि मजुरांची कमाई घटली, असंही बर्कलीच्या एका अभ्यासात दिसलं. कायदा व्हायलाच हवा होता, पण कायदा झाला म्हणजे गिऱ्हाईक सुटलं असं नाही.

आणि हंगामी मजुरांच्या व्हिसाचं काय? आपल्यापैकी बरेच जण एच-१बी वर आले. मालक बदलायचा तर पोटात गोळा येणं म्हणजे काय, हे कुणी आपल्याला समजावून सांगायला नको. त्याच अक्षराच्या मालिकेत एच-२ए आहे, हंगामी शेतमजुरांचा. २०२२ पासून दर वर्षी साडेतीन लाखांहून अधिक जागांना त्याखाली मंजुरी मिळाली. तोही मालकाशी बांधलेला, आणि बहुधा राहण्याची जागासुद्धा मालकाचीच. आपल्याला निदान ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहता येतं, कितीही लांब असो. त्यांना हंगाम संपला की परत. शिवाय ज्यांच्याकडे कसलेच कागद नाहीत असे तर लाखोंनी आहेत. आपल्या बैठकांत एच-१बी वर मी तासन्‌तास चर्चा ऐकली आहे. एच-२ए हा शब्द मात्र एकदाही ऐकलेला नाही.

ज्या सोनोमात आम्ही जेवलो तिथलीच गोष्ट. २०१९ चा किनकेड वणवा आणि २०२० चे वणवे ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामात आले. घरं रिकामी करण्याचे हुकूम निघालेल्या भागांतही तोडणीसाठी मजूर नेण्याची परवानगी मळेवाल्यांना मिळाली होती. धुराने द्राक्षाची चव बिघडते म्हणून घाई. त्या द्राक्षांच्या वाईनचं वर्णन करताना धुराचा विषय निघतोही, पण तो वाईनच्या चवीपुरता. तोडणाऱ्याच्या फुप्फुसात तो धूर किती गेला, हे कुठल्याच बाटलीवर नसतं.

"मग काय, बाहेर जेवूच नये?" असं आमच्यातल्या एकीने परतीच्या वाटेवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. जेवावं, खुशाल जेवावं. पण करता येण्यासारखं काही नाही असं मानू नये, कारण फ्लोरिडात ते करून दाखवलेलं आहे. इमोकली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी १९९३ मध्ये संघटना बांधली. २००१ साली त्यांनी टाको बेलवर बहिष्कार पुकारला. मागणी होती पौंडामागे एक सेंट जास्त, आणि शेतावर माणुसकीचे नियम. चार वर्षांनी, २००५ मध्ये, टाको बेलने मान्य केलं. मागोमाग मॅकडॉनल्ड्स आला, होल फूड्स आलं, २०१४ मध्ये वॉलमार्टही आलं. हे नियम न पाळणाऱ्या शेताकडून माल घ्यायचा नाही असं त्या करारात आहे. ज्या साखळ्यांच्या नावाने आपण नाक मुरडतो त्यांना मजुराचा सेंट मोजायला लावता आलं. पावणेतीनशे डॉलर घेणाऱ्यांना तो प्रश्न कुणी विचारलेला नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक मातीची गोष्ट ऐकूनच तृप्त होतं.

खर्चाचंही सांगते. यूसी डेव्हिसचे कृषी-अर्थशास्त्रज्ञ फिलिप मार्टिन आणि त्यांचे सहलेखक यांनी २०२० मध्ये आकडा काढला होता. शेतमजुरांची मजुरी ४० टक्क्यांनी वाढवली आणि सगळा बोजा ग्राहकावर टाकला, तरी सरासरी कुटुंबाला वर्षाला पंचवीस डॉलरच्या आसपास जास्त पडतील. आमच्या त्या जेवणात पाण्याच्या बाटल्यांचेच तेवढे झाले.

माझी सूचना साधी आहे. अशा ठिकाणी गेलात की तीन प्रश्न विचारा: भाजी तोडायला माणसं कुठून येतात, त्यांना मजुरी तासावर मिळते की पेट्यांवर, आणि ऊन किंवा धूर वाढला की काम थांबतं का. वाढणाऱ्याला धारेवर धरू नका, तोही पगारी माणूस आहे. प्रश्न आतपर्यंत पोचला की पुरे. शेतांची नावंही मेनूवर आलीच ना.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं ठेवू नका. डिसेंबरात आपल्यातले निम्मे लोक पुण्या-मुंबईला जातात, आणि पुण्याच्या आसपास हुरडा पार्टी, चुलीवरचं जेवण, काकवी, बैलगाडीची फेरी असा बेत ठरलेला असतो. तो आपला फार्म-टू-टेबल. काकवीचा ऊस तोडायला बीडकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. तिथे भाषेची अडचण नाही, वाढणाऱ्या मावशी आपल्याशी मराठीतच बोलतात. त्यांना किंवा मालकाला हेच तीन प्रश्न विचारा आणि काय उत्तर मिळतं ते मला कळवा. जानेवारीच्या अंकात सगळी उत्तरं एकत्र छापायची असं संपादकांशी बोलणं झालं आहे. कुणी नाव देऊ नका म्हटलं तर नाव वगळून छापू.