हमी जनतेची, मग करार गुपित का?

हैदराबादेत आबिड्सहून नामपल्ली स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ आहे. सरोजिनी नायडूंचं घर म्हणून ते सर्वांना ठाऊक असतं. पण छोट्या देशांनी बंदरं, पूल, मेट्रो कुणाच्या पैशाने बांधाव्यात, या आजच्या वादात आठवायला हवेत ते त्यांचे वडील, अघोरनाथ चट्टोपाध्याय.

पूर्वपक्ष असा: छोट्या देशाची तिजोरी लहान, बाहेरचा पैसा आल्याशिवाय मोठं काम उभं राहत नाही, म्हणून अटींचा कीस काढणारे विकासाच्या आड येतात. यातला पहिला भाग मान्य. जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या मॉरिशसमध्ये, जिथे मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, 2019 साली मेट्रो धावली. तिच्यात भारताचे साडेसत्तावीस कोटी डॉलर होते, पण ते अनुदान होतं. अनुदान आणि व्याजाची हमी या दोन्हींना ‘मदत’च म्हटलं, की फसगत सुरू होते.

अशा हमीचं जुनं उदाहरण हैदराबादचंच. निजामाच्या या संस्थानात 1874 सालीच वाडी-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली होती. 1883 मध्ये ती लंडनमधल्या कंपनीच्या हाती देऊन पुढे चांद्याकडे वाढवायचा बेत ठरला. संस्थानाने भांडवलावर वीस वर्षं पाच टक्के व्याजाची हमी द्यायची. नफा कमी पडला तर तूट खजिन्याने भरायची. अघोरनाथांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदा रेल्वेच्या या योजनेचा जाब जाहीरपणे विचारला. अघोरनाथांना हद्दपारी मिळाली. या रेल्वेसाठी संस्थानातर्फे वाटाघाटी करणारे सरदार अब्दुल हक पुढे दख्खन मायनिंग कंपनीच्या शेअर-व्यवहारात सापडले आणि 1888 मध्ये त्या प्रकरणाची चौकशी ब्रिटिश संसदेच्या समितीने केली. हैदराबादेत तोंड दाबलं, तरी प्रश्न लंडनमध्ये उभा राहिलाच.

दुसरा युक्तिवाद: खासगी भागीदारी घ्या, सरकारवर बोजा येत नाही. त्याचं उत्तर याच नामपल्लीवरून धावणारी मेट्रो देते. 2010 साली लार्सन अँड टुब्रोशी करार झाला, 2017 मध्ये गाडी धावू लागली, आणि 2025 मध्ये सुमारे तेरा हजार कोटींचं कर्ज आपल्याकडे घ्यायला तेलंगण सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. मेट्रो बंद ठेवणं कोणत्याच सरकारला परवडत नाही. त्यामुळे कागदावर जोखीम कंपनीची असली, तरी शेवटी ती सरकारच्या दारी येते.

तिसरा आक्षेप चीनवर: 2017 साली श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, तेव्हा सावकार पारखून घ्या. जरूर घ्यावा. पण निजामाची रेल्वे कंपनी लंडनची होती, हैदराबादच्या मेट्रोची मुंबईची. सावकाराचा देश बदलल्याने तूट भरणारा बदलत नाही.

म्हणून आमचं म्हणणं कर्जाविरुद्ध नाही. रेल्वे हवी होती, मेट्रोही हवी. पण सही होण्याआधी अटी विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत याव्यात. दिलेली प्रत्येक हमी कर्ज समजूनच हिशेबात धरावी. प्रवासी किंवा जहाजं अंदाजापेक्षा कमी आली, तर पैसे कोण भरणार, हे करारात आधीच लिहावं. एवढ्याने काही करार मोडतील, मोडू द्यावेत. उजेडात टिकत नाही तो करार जनतेच्या नावावर करण्याचा अधिकार ना राजाला होता, ना आज मंत्र्याला आहे.