आजीच्या भाषेची परीक्षा

आडनाव म्हणजे जन्मतःच माणसाच्या पाठीला बांधलेले गाठोडे. आयुष्यभर आपण ते वाहतो. पण सोडून आत काय आहे ते पाहण्याची बुद्धी शंभरांत एखाद्यालाच होते. आपल्याकडे शेवटी ‘कर’ लागला की मागे कुठले तरी गाव उभे आहे एवढे तरी कळते. अर्मेनियन आडनावांच्या शेवटी ‘यान’ किंवा ‘इयन’ लागते. अमक्याच्या वंशातला, अमक्याच्या घरचा, असा त्याचा अर्थ. बुद्धिबळातला जगज्जेता पेट्रोशियन आणि संगीतकार खाचातुरियन यांच्यामुळे हे ‘इयन’ आपल्याही कानांवरून गेलेले आहे. आडनाव तेर्झियन असेल तर पूर्वज शिंपी. नजारियन असेल तर सुतार. आणि नालबंदियन असेल तर? नालबंद म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको!

पण अमेरिकेत जन्मलेल्या एखाद्या नालबंदियनला ते सांगावे लागते. घोडे गेले, नाल गेले, गाव गेले, गावाचे नावसुद्धा नकाशावरून गेले. उरले ते आडनाव, आणि तेही वर्गात हजेरी घेताना मास्तरांची जीभ अडखळते म्हणून लक्षात राहिलेले. हे गाठोडे सोडून पाहण्याचा एक मार्ग या मुलांना सापडला आहे, आणि तो मार्ग कॉलेजातून जातो. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत अर्मेनियन भाषा, इतिहास आणि साहित्य हे विषय रीतसर शिकवले जातात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६९ साली अर्मेनियन विषयाचे अध्यासन निघाले. त्याला नाव दिले ते दहाव्या शतकातल्या नारेकात्सी या संतकवीचे. तेव्हापासून भौतिकशास्त्र नाही तर वैद्यकाची पूर्वतयारी करणारी मुलेही मधला एखादा तास काढून या वर्गात येऊन बसतात.

घरची वडीलधारी माणसे यावर काय म्हणत असतील याची कल्पना आपल्याला करता येते. ‘त्यानं पोट भरणार आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘आजी फुकट शिकवील, त्यासाठी फी कशाला?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर कोणापाशीच नाही. दुसऱ्याचे मात्र आहे, आणि या लेखाचा सगळा प्रपंच त्यासाठीच आहे.

आजी जी भाषा देते ती स्वयंपाकघरातली. जेव, झोप, दार लाव, बाहेर थंडी आहे, एवढ्यापुरती ती पक्की असते. पण तिला अक्षर नसते. आणि या लोकांचे सारे वैभव तर अक्षरांत आहे. इ. स. ४०५च्या सुमारास मेस्रोप माश्टोट्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने आपल्या भाषेसाठी छत्तीस अक्षरे घडवली. पुढे मध्ययुगात त्यांत आणखी दोघांची भर पडली. राज्ये आली, राज्ये बुडाली, पण ही अक्षरे टिकली. पहिले अक्षर ‘आयब’, दुसरे ‘बेन’, म्हणून मुळाक्षरांना म्हणायचे ‘आयबुबेन’. वीस वर्षांचा मिसरूड फुटलेला गडी, घरी अर्मेनियन फडाफडा बोलणारा, पण वर्गात चार वर्षांच्या पोरासारखा अक्षरे गिरवत बसतो. पहिल्या आठवड्यात त्याला लाज वाटत असेल. पण शेजारच्या बाकावरचाही तेच करीत असतो, म्हणून निभावते.

त्या बाकावर कोण बसला आहे तेही पाहण्यासारखे असते. कॅलिफोर्नियात हे लोक एका खेपेत आले नाहीत. काही घराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेझ्नोच्या आसपास येऊन द्राक्षांच्या मळ्यांत राबली. काही पहिल्या महायुद्धातल्या कत्तलीतून वाचून आली. १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी माजली तेव्हा बैरूतची मंडळी आली, १९७९च्या क्रांतीनंतर तेहरानची आली, आणि सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या काळात व ती मोडल्यावर थेट येरेवानची आली. तेव्हा एकाच वर्गात एक पेट्रोशियन आणि एक बेड्रोशियन शेजारी शेजारी बसू शकतात, आणि आपले आडनाव एकच आहे हे त्यांना मास्तरांकडून कळते. पूर्वेकडच्या बोलीत जो ‘प’ तो पश्चिमेकडच्या बोलीत ‘ब’. मूळ पेट्रोस एकच! शिवाय सोव्हिएत अर्मेनियात १९२२ साली शुद्धलेखन बदलले, बाहेरच्यांनी जुनेच ठेवले. शुद्धलेखनावरून भांडण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असे कोणी समजू नये.

या भाषेत मराठी माणसाला ओळखीचे चेहरेही भेटतात. हजारला ते ‘हजार’च म्हणतात, साखरेला ‘शकार’, दाराला ‘दुर’. पहिले दोन शब्द इराणच्या वाटेने फिरले आहेत. तिसरे नाते त्याहून फार जुने, आदिम भाषाकुळाचे आहे.

कधी कधी अक्षरे शिकल्यावर भलताच धक्का बसतो. घरात जपून ठेवलेले पणजोबांचे पुस्तक मुलगा हौसेने उघडतो, अक्षर अन् अक्षर वाचतो, आणि अर्थ काही लागत नाही. कारण लिपी अर्मेनियन आणि भाषा तुर्की! उस्मानी साम्राज्यातले पुष्कळ अर्मेनियन घरात तुर्की बोलत आणि ती आपल्या अक्षरांत लिहीत. १८५१ साली तर एक अख्खी तुर्की कादंबरी अर्मेनियन लिपीत छापली गेली. आपल्या फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत निघाले, तशातलाच हा प्रकार. ज्या भाषेचा घरात राग राग ऐकला, तीच पणजोबांच्या प्रार्थनेची भाषा होती, हे कळले की मुलगा विचारात पडतो. हे आजीने सांगितलेले नसते.

आजीने न सांगितलेले आणखीही बरेच असते, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये अर्मेनियन लेखक, वकील, पुढारी यांची धरपकड सुरू झाली. पाठोपाठ गावेच्या गावे उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आली. किती मेले याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जी मुले वाचली ती अनाथाश्रमांतून, परक्यांच्या घरांतून वाढली, देशोदेशी पांगली, संसाराला लागली आणि पुष्कळशी गप्प राहिली. नातवंडांना त्यांच्या हातचे जेवण ठाऊक, हातावरचा डाग का आहे ते ठाऊक नाही. विचारायचे कसे हेही ठाऊक नाही.

ते कॉलेजाने शिकवले. लॉस एंजेलिसला रिचर्ड होव्हानिसियन नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९३२ सालचा, कॅलिफोर्नियातल्या एका शेतकरी गावातला. वडील त्या कत्तलीतून वाचलेले. हे गृहस्थ स्वतः तरुणपणी बैरूतला जाऊन आपली भाषा नीट शिकून आले आणि पुढे अर्मेनियाच्या प्रजासत्ताकाचा चार खंडांचा इतिहास त्यांनी लिहिला. पण त्यांचे मोठे काम वेगळेच म्हणावे लागेल. १९७०च्या दशकापासून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या हातांत टेपरेकॉर्डर दिले आणि सांगितले, जा, वाचलेल्यांना शोधा, आणि त्यांचे ऐकून घ्या. हाच अभ्यास. कोणी ओळखीच्या म्हातारीकडे गेला, कोणी आपल्याच आजोबांसमोर जाऊन बसला. ‘आजोबा, कॉलेजातून सांगितलंय’ या एका सबबीने जे तोंड साठ वर्षे उघडले नव्हते ते उघडले. नातवाला जे सांगता येत नव्हते ते विद्यार्थ्याला सांगता आले.

असे करता करता एक हजाराहून अधिक मुलाखती जमल्या. २०१८ साली त्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शोआ फाउंडेशनच्या संग्रहात गेल्या. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ज्यूंच्या साक्षी जपण्यासाठी काढलेली ही संस्था. होव्हानिसियन २०२३ साली वारले.

आता कोणी म्हणेल, रडगाणी जमवण्यात कसली आली विद्या? पण विद्यापीठ आणि घर यांत हाच तर फरक आहे. घरी गोष्ट ऐकून डोळे पुसतात. वर्गात तीच गोष्ट दुसऱ्या दहा गोष्टींशेजारी ठेवून तपासतात. म्हातारपणी तारखा चुकतात, गावांची नावे सरमिसळ होतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. तुर्की सरकार ही वंशहत्या होती असे आजही मान्य करीत नाही, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला वंशहत्या म्हणून औपचारिक मान्यता द्यायला २०२१ साल उजाडले. अशा वेळी पुरावा चोख लागतो. नुसता संताप चालत नाही. शिवाय या मुलाखतींत मुलांना अवघड वाटणाऱ्याही गोष्टी निघतात. कोणा तुर्की शेजाऱ्याने पोर लपवले, कोणा अरब टोळीवाल्याने भाकर दिली, कोणा कुर्दी बाईने पोटच्यासारखे वाढवले. द्वेषाचे सोपे गणित तिथे चुकते. जी मुले अभिमान शिकायला आली होती ती न्याय शिकून जातात. आमच्या मते फी वसूल झाली ती इथे.

हे सारे आकाशातून पडलेले नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या काही अर्मेनियन मंडळींनी या अभ्यासासाठी एक संस्था काढली, समाजातून वर्गणी जमवली आणि हार्वर्डमध्ये माश्टोट्सच्या नावाचे अध्यासन उभे केले. कालचे निर्वासित आजच्या विद्यापीठाला देणगी देतात, ही गोष्ट लहान नव्हे. फ्रेझ्नोच्या विद्यापीठात तर विद्यार्थी १९७९पासून ‘हाय शर्झूम’ या नावाचे वृत्तपत्र चालवीत आले आहेत. नावाचा अर्थ ‘अर्मेनियन चळवळ’. याच फ्रेझ्नोत एके काळी काही वस्त्यांत अर्मेनियन माणसाला घर विकायचे नाही, असे खरेदीखतातच लिहिलेले असे!

पण कॉलेजाने सगळे होते असेही नाही. आठवड्यातले चार तास भाषा जगवू शकत नाहीत. पश्चिमेकडच्या बोलीला स्वतःचे राज्य नाही. २०१० साली युनेस्कोने तिची गणना धोक्यात आलेल्या भाषांत केली. परीक्षेत पहिला वर्ग मिळवलेला मुलगा पुढे लग्न, नोकरी, बदली यांच्या रगाड्यात ती विसरूही शकतो. आणि इतिहास संपला म्हणून पुस्तक मिटावे, तर तेही नाही. २०२३च्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक अर्मेनियन घरदार सोडून निघाले. पणजीच्या मुलाखतीतले दृश्य मुलांनी आपल्या डोळ्यांनी, पडद्यावर, पाहिले.

या लोकांचा आणि आपला शेजार जुना आहे. जगातले पहिले अर्मेनियन नियतकालिक निघाले ते मद्रासेत, १७९४ साली. त्यांचे कॉलेज कलकत्त्यात १८२१ साली सुरू झाले. आणि मुंबईत कोटातल्या मेडोज स्ट्रीटवर त्यांचे देऊळ १७९६ सालचे. तेव्हा पेशवाई चालू होती. त्या रस्त्याने रोज कचेरीला गेलेल्या कितींनी तिथला पाटीवरचा शब्द वाचला असेल?

१९१५ पाहिलेली माणसे आज राहिलेली नाहीत. त्यांचे आवाज राहिले आहेत, कारण काही पोरांनी वेळेवर प्रश्न विचारले. कॉलेजाने त्यांना वारसा दिला नाही. तो घरातच होता. कॉलेजाने दिली ती अक्षरे, आणि विचारण्याचे धैर्य. वाचकहो, दिवाळीला चार माणसे एका ताटाभोवती जमतात. आपल्या घरी साक्षी द्यायला कत्तली नसतील, नसोतच. पण फराळ झाल्यावर एखाद्या नातवाने आजीजवळ बसून ‘तुझं गाव कसं होतं गं?’ एवढे विचारले, तर त्याला कोणत्याही विद्यापीठाची फी पडत नाही.