एजन्सी घ्या, पण आधी कागद वाचा

करमाडच्या बाजारात हल्ली खता-बियाण्याच्या गप्पांत एक नवा शब्द ऐकू येतो, ‘फ्रँचायझी’. शेंद्रा-ऑरिक आणि समृद्धी महामार्गासाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, मोबदल्याचा पैसा घरात आला. पोरगा शिकलेला, पण नोकरी नाही. अशा घरी कंपनीचा माणूस येतो आणि सांगतो, “पाच लाख भरा, आमच्या नावाचं दुकान टाका, बसल्या जागी कमवा.” जमीन गेली ती गेलीच. निदान तिचा पैसा तरी जाऊ नये, म्हणून हा लेख.

माझ्याकडे एक शेतकरी असाच करारनामा घेऊन आले. मुलासाठी जैविक खताचे विक्री केंद्र घ्यायचे होते. करार अकरा पानांचा, सगळा इंग्रजीत. कंपनीचा माणूस मात्र मराठीत बोलून गेला होता, “माल खपला नाही तर परत घेऊ, अनामत केव्हाही मिळेल.” कागदात पाहिले तर अनामत परत मिळणार नाही, असे साफ लिहिलेले. माल परत घेण्याबद्दल चकार शब्द नाही. आणि शेवटच्या पानावर एक कलम होते. या करारात नसलेले कोणतेही तोंडी आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ओट्यावर चहा पिता पिता जे जे कबूल केले, ते त्या एका कलमाने पुसून टाकले! बुकिंगचे पंचवीस हजार आधीच गेले होते, ते काही परत आले नाहीत. बाकीची रक्कम तेवढी वाचली.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९७९ पासून याबाबत नियम आहे. पैसे घेण्याच्या किंवा सही घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावेच लागते. त्यात कंपनीवरचे खटले, दिवाळखोरी, एकूण खर्च, तपासलेले हिशेब आणि एजन्सी सोडून गेलेल्यांची नावे अशा २३ बाबी असतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. इथे चालतो १८७२ चा करार कायदा. सही केली की बांधले गेलात. फसवून सही घेतली तर करार रद्द मागता येतो, पण फसवणूक सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा जे तिथे कायदा मागतो, ते इथे आपणच मागायला हवे.

कडकनाथचा धडा

इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो कंपनीचे प्रकरण आठवा. कडकनाथ कोंबडीची पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेऊ, असा करार होता. राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. २०१९ मध्ये खरेदी थांबली, पैसे अडकले आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. करार तर लेखी होता. मग चुकले कुठे? एवढी अंडी कंपनी पुढे कोणाला विकते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ज्या कंपनीची कमाई माल विकून नव्हे, तर नव्या सभासदांच्या पैशातून होते, तिचा करार सोन्याच्या शाईने लिहिला तरी फोलच.

काय मागाल, काय पाहाल?

पहिले, कंपनीचा नोंदणी क्रमांक घ्या. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी निघाली, संचालक कोण, हे कळते. शंभर रुपये शुल्क भरले की दाखल केलेले ताळेबंदही पाहता येतात. जालन्या-संभाजीनगरच्या सीएकडून ते वाचून घ्या. उत्पन्न मालाच्या विक्रीचे आहे की अनामतींचे, एवढे विचारा.

दुसरे, चालू केंद्रांची आणि बंद पडलेल्यांचीही यादी मागा. बंद पडलेल्याला आधी भेटा, तो खरे सांगेल.

तिसरे, करारात अनामत, न खपलेला माल, दरवर्षी उचलायचा किमान माल, मुदत आणि करार मोडण्याची अट पाहा. वाद झाला तर कोर्ट कुठले? दिल्लीचे असेल, तर दहा-वीस हजारांसाठी कोण जाणार?

चौथे, खत, बियाणे, औषधे विकायची तर परवाना तुमच्या नावावर लागतो. कंपनीच्या पाटीवर भागत नाही. माल बोगस निघाला तर तपासनीस तुमच्याच दारात उभा राहतो.

कोरा चेक देऊ नका. जे तोंडी सांगितले, ते करारात लिहून मागा. आणि सहीआधी १४ दिवस कागद घरी ठेवून घ्या. “आजच सही करा, उद्या दुसरा घेईल,” असे कोणी म्हणाले तर खुशाल घेऊ द्या. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. पाच लाखांच्या कागदाला एवढे तरी करायलाच पाहिजे.